पोलीस बेरियाकडे, सरकार मालेंकोवकडे. मग गादी ख्रुश्चेवकडे कशी गेली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धा परीक्षेसाठी जगाचा इतिहास वाचताना तुम्ही स्टॅलिननंतरच्या रशियापाशी अडलात. १९५३ मध्ये गुप्त पोलीस बेरियाच्या हातात, पंतप्रधानपद मालेंकोवकडे, जगाच्या ओळखीचा चेहरा मोलोटोवचा. ख्रुश्चेवचं नाव यादीत पाचवं. तरी पाच वर्षांत बाकीचे गारद आणि हा एकटा वर. "हे नशीब म्हणायचं की कारस्थान?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता, चीनमध्ये आता पुढे कोण, हेही.

मी तीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या विदेश डेस्कवर काढली. कम्युनिस्ट देशांच्या बातम्या करताना छापून आलेल्यापेक्षा न छापलेलं वाचावं लागायचं. त्या सवयीतून जे समजलं ते सांगतो. इतिहासाचा प्राध्यापक याहून वेगळी मांडणी करील, तीही वाचा.

आधी प्रश्न थोडा वळवून घेतो. "सगळ्यात ताकदवान कोण होता?" असं विचारलं की उत्तर चुकतं. कारण अशा राजवटीत सगळ्यात ताकदवान दिसणाऱ्या माणसाविरुद्ध बाकीचे सगळे एक होतात. विचारायचं ते दोनच गोष्टींबद्दल: बैठक बोलावणं कोणाच्या हातात आहे, आणि त्या बैठकीत बसलेल्यांना तिथे कोणी बसवलंय. पक्षाच्या घटनेत लिहिलेलं असतं की अधिवेशन मध्यवर्ती समिती निवडतं, समिती पॉलिटब्यूरो (पक्षाचं सर्वोच्च मंडळ) आणि सरचिटणीस निवडते. कागदावर गंगा खालून वर वाहते. प्रत्यक्षात सरचिटणीस जिल्ह्याजिल्ह्यांचे सचिव नेमतो, ते सचिव अधिवेशनाला प्रतिनिधी धाडतात, त्यातूनच समिती होते आणि ती त्याच सरचिटणिसाला पुन्हा निवडते. आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीत मतदारयादी ज्याच्या कपाटात असते त्याला पाडणं का जड जातं, हे ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. वरचा माणूस मेला की हे चक्र थांबतं. ते पुन्हा कोण फिरवायला घेतो, यावर सगळं ठरतं.

अर्थात हे सगळीकडे सारखं नाही. नेता अंथरुणात मेला की त्याला खाली खेचलं, यानं फरक पडतो. तो क्रांतीचा संस्थापक होता की संस्थापकाचा वारस, यानंही पडतो. उत्तर कोरियात गादी बापाकडून लेकाकडे आणि लेकाकडून नातवाकडे गेली. क्यूबात भावाकडे गेली. ती प्रकरणं वेगळी, इथे ओढत नाही.

आता १९५३. स्टॅलिन १ मार्चला मॉस्कोजवळच्या आपल्या बंगल्यात जमिनीवर पडलेला सापडला. ५ मार्चच्या रात्री ९ वाजून ५० मिनिटांनी गेला. पण त्याच संध्याकाळी ८ वाजता क्रेमलिनमध्ये मध्यवर्ती समिती, मंत्रिमंडळ आणि सर्वोच्च सोव्हिएतचं (म्हणजे संसदेचं) अध्यक्षमंडळ यांची एकत्र बैठक भरली आणि चाळीस मिनिटांत संपलीही. म्हणजे माणूस जिवंत असताना वाटणी झाली! मालेंकोव पंतप्रधान, बेरिया त्याचा पहिला उपप्रमुख आणि शिवाय पोलीस व गृहखातं एकत्र करून त्याच्या ताब्यात, मोलोटोव परराष्ट्र खात्यात, बुल्गानिन संरक्षण खात्यात. स्टॅलिननं पाचच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, पॉलिटब्यूरोच्या जागी पक्षाचं पंचवीस जणांचं अध्यक्षमंडळ केलं होतं. त्यात बरेच नवे चेहरे होते. जुन्यांनी ते एका फटक्यात दहावर आणलं आणि नव्या पोरांना घरी पाठवलं. ख्रुश्चेवला काय मिळालं? मॉस्को शहराचं सचिवपद सोडून "मध्यवर्ती समितीच्या कामावर लक्ष केंद्रित करावं" अशी सूचना. सोबत अंत्यविधी समितीचं अध्यक्षपद. तेव्हा या दोन्ही गोष्टी कोणाला फार मोलाच्या वाटल्या नाहीत.

इथे मालेंकोवची पहिली चूक झाली. १० मार्चच्या 'प्रावदा'त, म्हणजे पक्षाच्या मुखपत्रात, स्टॅलिन, माओ आणि मालेंकोव असा तिघांचा फोटो आला. मूळ फोटो १९५० मधला, मोठ्या घोळक्याचा. बाकीची माणसं कापून तिघांना जवळ आणलं होतं. बाकीच्यांनी त्यावरून बैठकीत नापसंती दाखवली. आणि १४ मार्चला, स्टॅलिनला जाऊन नऊ दिवस होतात न होतात तोच, मालेंकोवनं पक्षाच्या सचिवालयातली जागा सोडली. एकाच माणसाकडे सरकार आणि पक्ष दोन्ही नको, असा बाकीच्यांचा आग्रह. दोहोंतलं एक ठेवायचं म्हटल्यावर त्यानं सरकार ठेवलं. तर्क चुकीचा नव्हता: लेनिन पंतप्रधान होता, स्टॅलिनही शेवटची बारा वर्षं पंतप्रधान म्हणूनच सह्या करत होता. पण स्टॅलिन मुळात मोठा झाला तो १९२२ मध्ये मिळालेल्या सरचिटणीसपदावर, नेमणुकांच्या फायली हाताळता हाताळता. त्या काळी सहकारी त्याला चेष्टेनं "कॉम्रेड कार्डपेटी" म्हणायचे. चेष्टा करणाऱ्यांपैकी फार थोडे अंथरुणात मेले.

तर ती कार्डपेटी आता ख्रुश्चेवच्या टेबलावर आली.

पण त्याआधी बेरियाचा काटा काढायचा होता. तुम्ही म्हणता पोलीस त्याच्याकडे होते, खरंय. नेमकं तेच त्याच्या मुळावर आलं. बैठकीत बसलेल्या प्रत्येकाची फाईल त्याच्या कपाटात होती आणि प्रत्येकाला ते माहीत होतं. त्यात हा माणूस सुधारणांच्या घाईत होता: मार्चअखेर माफी जाहीर करून सुमारे १२ लाख कैदी सोडायला लावले, एप्रिलच्या सुरुवातीला स्टॅलिनच्या काळात डॉक्टरांवर रचलेला खोटा खटला मागे घेतला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक या एका भीतीपोटी एका खोलीत आले. मालेंकोव तर त्याचा जुना जोडीदार. पण दगडापेक्षा वीट मऊ, या न्यायानं त्यानंही ख्रुश्चेवचा हात धरला.

२६ जून १९५३. बैठक क्रेमलिनमध्ये आणि क्रेमलिनचे पहारेकरी बेरियाचेच. मग हत्यारं आत न्यायची कशी? संरक्षणमंत्री बुल्गानिनची गाडी तपासली जात नसे, तीतून लष्करी अधिकारी पिस्तुलांसह आत आले. बैठकीत आरोप सुरू झाले. मालेंकोवनं टेबलाखालची घंटा दाबली. शेजारच्या खोलीतून मार्शल झुकोव, जनरल मोस्कालेंको आणि त्यांची माणसं आत आली. बेरियाला अंधार पडेपर्यंत तिथेच डांबून ठेवलं, कारण दिवसाउजेडी बाहेर काढलं असतं तर त्याचेच पहारेकरी मध्ये पडले असते. डिसेंबरमध्ये त्याला गोळी घातली.

आमच्या धंद्यातल्या माणसाला भुरळ घालणारी गोष्ट यानंतरची. अटकेची बातमी कुठेच नाही. २८ जूनच्या 'प्रावदा'त फक्त एवढंच, की पक्षाच्या नेत्यांनी बोल्शॉय थिएटरमध्ये 'डिसेंब्रिस्ट' नावाचा ऑपेरा पाहिला. खाली हजर असलेल्यांची नावं. बेरियाचं नाव नाही. बस्स. अधिकृत घोषणा १० जुलैला आली, म्हणजे दोन आठवडे त्या यादीतली एक मोकळी जागा हीच बातमी होती. मी डेस्कवर आलो तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला पहिला धडा या यादीचा दिला होता: "नावं मोज. मग गेल्या वेळची यादी काढ आणि पुन्हा मोज." पुढे मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं टपालानं गेली. बेरियावरचं पान कात्रीनं किंवा पात्यानं कापा आणि हे चिकटवा, अशी सूचना सोबत. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती वाढवून दिलेली. वर्णमालेत बेरियाच्या शेजारी तोच हाताशी होता.

सप्टेंबर १९५३ मध्ये ख्रुश्चेव अधिकृतपणे पहिला सचिव (सरचिटणीसपदाचं तेव्हाचं नाव) झाला. पुढची तीन वर्षं त्यानं कंटाळवाणं वाटणारं काम केलं: प्रांताप्रांतांचे सचिव बदलले. वृत्तपत्रं अशा बातम्या घेत नाहीत आणि आम्हीही घेतल्या नसत्या. पण हीच मंडळी पुढे मध्यवर्ती समितीत जाऊन बसतात. फेब्रुवारी १९५५ मध्ये मालेंकोवनं आपल्याला अनुभव कमी पडतो असं लिहून पंतप्रधानपद सोडलं. त्याच्या जागी बुल्गानिन आला. त्या वर्षअखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव भारतात आले, मुंबईलाही येऊन गेले. शिष्टाचारानं पहिला मान बुल्गानिनचा, कारण पंतप्रधान तो. पण काश्मीर हा भारताचाच भाग आहे, हे श्रीनगरमध्ये ठणकावून सांगितलं ख्रुश्चेवनं. सरकारात पंतप्रधान नाही, परराष्ट्रमंत्री नाही, नुसता पक्षाचा सचिव, आणि दुसऱ्या देशाच्या सरहद्दीबद्दल धोरण जाहीर करतोय. गादी कोणाकडे आहे हे त्या दिवशी भारतीय वार्ताहरांना मॉस्कोतल्या वार्ताहरांपेक्षा जास्त स्पष्ट दिसलं असावं, असं मला नेहमी वाटत आलंय.

आता जून १९५७. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. मोलोटोव, मालेंकोव आणि स्टॅलिनचा जुना सहकारी कागानोविच यांनी ख्रुश्चेवला काढायचं ठरवलं आणि पक्षाच्या अध्यक्षमंडळाची बैठक बोलावली. अकरा जण. त्यातले सात विरोधात, त्याच्या बाजूनं तो धरून चार. कुठल्याही हिशेबानं खेळ खलास. पण ख्रुश्चेव म्हणाला, मला समितीनं निवडलंय, काढायचं तर समितीच काढील. आणि बैठक लांबवत नेली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तेवढ्यात संरक्षणमंत्री झुकोवनं लष्करी विमानं पाठवून दूरदूरच्या प्रांतांतले समितीचे सभासद मॉस्कोत आणायला सुरुवात केली. ते येऊन दाराशी उभे राहिले, आम्हाला आत घ्या म्हणून. आत बसलेल्या सात जणांत कोणी क्रांतीआधीपासूनचा बोल्शेविक, कोणी लेनिनबरोबर काम केलेला. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांची खुर्ची ख्रुश्चेवनं दिलेली. २२ ते २९ जूनला समितीची बैठक झाली आणि बहुमतातले सात अल्पमतात गेले.

पुढचं बघा. पेपरात नावं आली ती मोलोटोव, मालेंकोव, कागानोविच आणि "त्यांना जाऊन मिळालेला" शेपिलोव, एवढीच. हा शेपिलोव तर त्या सातांतलाही नव्हता. बुल्गानिन आणि वृद्ध वोरोशिलोव हेही विरोधात होते, पण त्यांची नावं दाबली आणि त्यांना काही काळ पदांवर ठेवलं. अकरापैकी सात जण नेत्याच्या विरोधात होते हे लोकांना कळू देणं परवडणारं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोलोटोवला मंगोलियात राजदूत केलं, मालेंकोवला कझाकस्तानात एका वीजकेंद्रावर धाडलं, कागानोविच उरलमध्ये कारखाना चालवायला गेला. कोणाला गोळी घातली नाही, आणि हा बदल लहान नाही. आणि झुकोव? ज्याच्या विमानांनी ख्रुश्चेवला वाचवलं त्याला चारच महिन्यांत, युगोस्लाव्हिया-अल्बानियाच्या दौऱ्यावरून परतताच, मंत्रिपदावरून काढलं. गरज सरो, वैद्य मरो. ज्याच्याजवळ एकदा गादी वाचवायची ताकद दिसली, त्याच्याजवळ ती हिसकावायचीही असते, एवढा हिशेब ख्रुश्चेवला पक्का कळत होता.

मग १९६४ मध्ये तोच कसा पडला? कार्डपेटी आता, त्याच्यानंतर गादीवर आलेल्या, ब्रेझनेवच्या बाजूला झुकली होती, आणि ख्रुश्चेवनं आपल्याच माणसांना दुखावून ठेवलं होतं. प्रांतिक पक्षाचे त्यानं शेतीचा आणि उद्योगाचा असे दोन तुकडे केले होते, म्हणजे प्रत्येक सचिवाचा अर्धा मुलूख गेला. ऑक्टोबरमध्ये तो काळ्या समुद्रावर पित्सुंडाला सुट्टीवर होता. फोन आला, बैठक आहे, या. विमानतळावर घ्यायला नेहमीचा घोळका नाही, गुप्त पोलिसांचा प्रमुख तेवढा आलेला. या खेपेला समितीचे सभासद आधीच मॉस्कोत जमवलेले होते. १९५७ चा धडा सगळ्यांनी घेतला होता, बैठक कोणी बोलावली हेच फक्त बदललं. नंतर त्यानं आपला जुना सहकारी मिकोयानला जे सांगितलं ते मला फार बोलकं वाटतं: स्टॅलिनला जाऊन "तुम्ही आता नकोत" असं म्हणायची कोणाची छाती झाली असती का? मला ते म्हणाले, हेच मी केलेलं काम.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण तीतून मी हे शिकलो. फेब्रुवारी १९८५. सरचिटणीस चेर्नेन्को आजारी आहे हे जगाला माहीत होतं. मतदानाच्या दिवशी त्याला टीव्हीवर दाखवलं, आणि शेजारी उभा मॉस्को शहराचा पक्षप्रमुख ग्रिशिन. मी म्हटलं, ठरलं. दोन कॉलमांचा ग्रिशिनचा परिचय लिहून, फोटोसकट, तयार ठेवला. डेस्कप्रमुखालाही सांगितलं की मजकूर कंपोझला टाकून ठेवा. १० मार्चच्या संध्याकाळी चेर्नेन्को गेला आणि दुसऱ्या दिवशी गोर्बाचेव. चोवीस तासही लागले नाहीत. माझा मजकूर केराच्या टोपलीत, आणि पुढचे कित्येक महिने ऑफिसात कोणी चहा मागवला की "ग्रिशिनला विचारा" असं चाललं. मी पाहत होतो की आजारी माणसाला धरून कोण उभं आहे. पाहायला हवं होतं ते हे, की आजारी माणूस नसताना पॉलिटब्यूरोची बैठक कोण चालवतो. ती गोर्बाचेव चालवत होता. अंत्यविधी समितीचं अध्यक्षपदही त्याच्याकडेच आलं. शिवाय त्या रात्री पॉलिटब्यूरोतला एक मतदार श्चेर्बित्स्की अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. बैठक लगेच बोलावली, कोणासाठी थांबले नाहीत.

"पोलीसवाला कधीच जिंकत नाही का?" असं तुम्ही पुढे विचाराल. जिंकतो की. आंद्रोपोव पंधरा वर्षं केजीबीचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, प्रमुख होता आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये सरचिटणीस झाला. पण जानेवारीत सचिवालयातला ज्येष्ठ नेता सुस्लोव वारल्यावर मे महिन्यात तो आधी केजीबी सोडून पक्षाच्या सचिवालयात येऊन बसला होता. वाट तिथूनच जाते. व्हिएतनामचं उदाहरण ताजं आहे: टो लाम हे सार्वजनिक सुरक्षामंत्री होते. भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत २०२३ आणि २०२४ मध्ये लागोपाठ दोन राष्ट्राध्यक्षांना राजीनामे द्यावे लागले. मे २०२४ मध्ये लाम स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. जुलैत सरचिटणीस न्गुएन फू चोंग वारले आणि ३ ऑगस्टला ते पद लाम यांच्याकडे आलं. बेरियाकडेही फायली होत्या, पण त्यानं त्या वापरायच्या आतच बाकीचे एक झाले. लाम यांच्या बाबतीत मोहीम नेत्याच्या हयातीतच, नेत्याच्याच नावानं चालली होती. ते आले तोवर अडवणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

माझ्या या मांडणीला सगळ्यात जास्त अडचण चीनची होते, ते लपवत नाही. माओ ९ सप्टेंबर १९७६ ला गेला. वारस हुआ ग्वोफेंग. "तुमच्याकडे कारभार आहे तर मी निश्चिंत आहे" अशी माओची चिठ्ठी त्याच्याजवळ. महिना व्हायच्या आत, ६ ऑक्टोबरला, माओच्या निवडक लेखांच्या पाचव्या खंडावर चर्चा आहे असं सांगून 'चौकडी'तल्या (माओची बायको आणि तिचे तीन साथीदार) पुरुषांना बैठकीला बोलावलं आणि दारातच धरलं. माओच्या बायकोला तिच्या घरी. इथवर सगळं माझ्या नियमात बसतं: बैठक ज्यानं बोलावली तो जिंकला. पण पुढे? हुआ पक्षाध्यक्ष, पंतप्रधान आणि लष्करी आयोगाचा अध्यक्ष, तिन्ही पदं एकट्याकडे. तरी डिसेंबर १९७८ पर्यंत सूत्रं जुना नेता डेंग श्याओफिंगकडे गेली, आणि डेंग कधीही पक्षाध्यक्ष किंवा पंतप्रधान झाला नाही. कारण तिथली पिढी रणांगणातून आलेली. सेनापती डेंगला कित्येक दशकं ओळखत होते, हुआला ओळखत नव्हते. कार्डपेटी चालते ती संस्थेत वाढलेल्या माणसांवर. खांद्याला खांदा लावून लढलेल्यांना नेमणूकपत्राची गरज नसते. डेंगनं शेवटी लष्करी आयोगाचं अध्यक्षपद तेवढं हातात ठेवलं, तेही १९८९ मध्ये सोडलं. त्यानंतर त्याच्या नावापुढे उरलं ते पत्त्यांच्या ब्रिज संघटनेचं मानद अध्यक्षपद. तरी १९९२ मध्ये दक्षिणेचा दौरा काढून त्यानं देशाचं धोरण फिरवलं.

आज बेजिंगमध्ये ती पिढी नाही, म्हणून मी तिथे पुन्हा जुन्या खुणा बघायला लागलोय. पुढचा कोण ते मी सांगणार नाही, ग्रिशिन एकदाच पुरे. पण कुठे बघायचं ते सांगतो. हू जिंताओ १९९९ मध्ये आणि शी जिनपिंग २०१० मध्ये, म्हणजे सर्वोच्च पदावर यायच्या दोन-तीन वर्षं आधी, केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष झाले होते. गणवेश नसलेला माणूस त्या खुर्चीत बसला की समजायचं. शी आल्यापासून तिथे असा कोणी बसलेला नाही, आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची अटही घटनेतून काढून टाकली. पक्षाचं पुढचं अधिवेशन २०२७ मध्ये यायचं आहे. पॉलिटब्यूरोच्या स्थायी समितीची माणसं रांगेनं मंचावर येतील तेव्हा नावं मोजा, मग २०२२ ची यादी काढा आणि पुन्हा मोजा.